डांबराच्या गोळ्या आणि आरमोरीची पाखरं

आरमोरीहून परत आले त्या दिवशी हातपाय धुण्याआधी मी एक काम केलं. ट्रंक अंगणात ओढत नेली आणि सगळे कपडे उन्हात पसरले. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, रंग उडतील की लुगड्यांचे!" म्हटलं, रंग उडू देत, पण वास उडाला तर मी सत्यनारायण घालीन. काकूंना काही उमगलं नाही. त्यानंतर जो भेटेल त्याला हे सांगता सांगता तोंड दुखलं, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते. वाचणाऱ्यानं धास्ती घेऊ नये, शेवट गोड आहे. मात्र तो गोड होईपर्यंत माझी काय गाळण उडाली होती, ते मलाच ठाऊक.

आमचं नगरला बायकांचं कातणघर आहे. कारभार माझ्याकडे. तिथे कोशाचं सूत निघतं, पण ते फुटक्या कोशाचं. कोसा म्हणजे रानातल्या झाडावर वाढणाऱ्या अळीनं स्वतःभोवती विणलेलं, लिंबाएवढं टणक घर. आतला जीव उकडून मारला तर कोसा अखंड राहतो आणि त्यातून लांबच लांब तार निघते. तिचं कापड श्रीमंताघरी जातं. पण सगळेच कोसे उकडले तर पुढच्या पिकाला बी कुठून आणायचं? म्हणून काही जिवंत ठेवतात. त्यांतून पाखरू भोक पाडून बाहेर येतं, अंडी घालतं, आणि मागे राहतो तो फुटका कोसा. त्याची सलग तार निघत नाही, त्यामुळे रेशीमवाल्यांना तो नको असतो. आम्हाला तोच हवा असतो. राखेच्या पाण्यात शिजवून मऊ केला की आमच्या बायका तो मांडीवर वळून काततात. सूत जाडंभरडं निघतं, पण ऊबदार, आणि काही केल्या फाटत नाही.

या बायका आधी विड्या वळायच्या. त्यांतली सोनाबाई आमच्याकडे आली तेव्हा तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं, इतका खोकला. तंबाखू सुटली तसा खोकला सुटला. कामाला बसली की ती चक्क गाणी म्हणायला लागली, तीही अशी की मला कानांत बोटं घालावी लागत. आणि अशात आरमोरीहून येणारी पोती बंद झाली. उन्हाळाभर एक आलं नाही. कातणघर चालवणाऱ्या मंडळींनी मला सांगितलं, दिवाळीपर्यंत माल आला तर ठीक, नाहीतर कातणघराला कुलूप. सोनाबाई मला एवढंच म्हणाली, "बाई, तिकडं परत नका धाडू मला." म्हणून भर भाद्रपदात मी ट्रंक भरली आणि निघाले.

वडसा

नागपूरला मोठी गाडी सुटते आणि छोट्या रुळांची गाडी धरावी लागते. ती इतक्या निवांतपणे चालते की बाहेरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलून होतात. चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात आहे, तेव्हा कागदोपत्री मी परराज्यात चालले होते. प्रत्यक्षात डब्यातल्या बाईनं पहिल्याच भेटीत माझं माहेर, सासर आणि गुडघेदुखी विचारून घेतली, त्यामुळे परकेपणा वाटायला सवडच मिळाली नाही.

आमच्या नगरकडे पाण्याचा शोध घ्यावा लागतो. इथे कोरडी जागा शोधावी लागते. रुळांच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या, बायका गुडघाभर चिखलात निंदण करत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे लगेच जंगल सुरू. आमच्याकडे माळावर एखादं लिंबाचं झाड असलं तर त्याचा गावाला पत्ता म्हणून उपयोग होतो. इथे झाडांची एवढी दाटी, की मला उगीच उधळपट्टी वाटली.

वडशाला उतरून बैलगाडीनं निघाले. आरमोरीच्या अलीकडे गाढवी नदी आडवी आली, आणि ती गढूळ पाण्यानं नुसती फुगलेली. गाडीवान म्हणाला, "इथून पुढं डोंगा." डोंगा म्हणजे एका लाकडातून कोरलेली होडी. तिच्यात मी, माझी ट्रंक आणि एक शेळी. शेळी शांत उभी होती. मी मात्र ट्रंकेला अशी मिठी मारली होती, की पलीकडे पोचल्यावर नावाडी म्हणाला, "बाई, सोडा आता, पेटी पळून नाई जात."

आज वाटतं, ती ट्रंक तेव्हाच गाढवीत पडली असती तर किती बरं झालं असतं.

आरमोरी

आमची पोती पाठवायचे ते रहीमभाई. बाजाराच्या तोंडाशी त्यांची कोशाची वखार. वयस्क, बोलके, आणि दर वाक्यागणिक मान हलवणारे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. गाडीत बसून चांगली तिखट वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी आधी चहा पाजला, मग भजी आणली, मग म्हणाले, "आता बोला बाई, किती शिव्या द्याच्या त्या द्या."

भजी खाऊन झाल्यावर शिव्या देता येत नाहीत. मी साधंच विचारलं, "माल का नाही?"

"माल हायेच नाई तं पाठवू कुठून?" रहीमभाई म्हणाले. "गेल्या साली अख्ख्या कोशाले गिऱ्हाईक असं तुटून पडलं, का लोकायनं बियाचेबी कोसे उकडून देल्ले. पाखरूच नाई निंगालं, तं फुटका कोसा कुठून याचा? तुमचंबी गेलं, त्यायचंबी गेलं. येनाची झाडं उभी हायेत खाली. त्यायच्यावर सोडाले लेकरंच नाई."

येन म्हणजे ऐनाचं झाड, त्याचा पाला खाऊन अळ्या वाढतात; आणि 'लेकरं' म्हणजे त्या अळ्या. इथले कोसा पाळणारे ढीवर लोक त्यांचं नाव असंच घेतात.

"म्हणजे सगळंच संपलं?"

"नाई, सगळं नाई. मंगरूच्या घरी माळा हायेत. पुऱ्या मोहल्ल्यात जे काई बी वाचलं, ते त्याच्याच घरी टांगलं हाय. ते पाखरं निंगाले, अंडे देल्ले, का पुढची फसल उभी राह्यली. नाई निंगाले, तं तुमच्यासंगं आमचीबी वखार बंद."

असा सगळा मामला एका भोकाशी येऊन ठेपला होता. पाखरानं कोसा फोडला तर ढीवरांना बी मिळणार होतं, आणि तोच फुटलेला कोसा सोनाबाईच्या मांडीवर येणार होता. मला इतक्या लांब येऊन कळलं की आम्ही सारे एकाच पाखराच्या तोंडाकडे बघत बसलोय. मी म्हटलं, मला त्या माळा बघायच्यात, आणि पाखरं निघेपर्यंत मी हलणार नाही. रहीमभाईंनी मान हलवली. "मंग तिथंच राहा. माझ्या घरी पाहुण्यायची गर्दी हाय. पण तिथी नेम हाय बरं, कडक."

कुडापलीकडच्या माळा

मंगरूभाऊंचं घर ढीवरमोहल्ल्याच्या टोकाला. कौलारू छप्पर, बांबूच्या कुडाला माती लिंपलेल्या भिंती, आणि दाराशी जाळी वाळत घातलेली. मंगरूभाऊ दाढी वाढवलेले, अबोल. बोलण्याचं खातं त्यांच्या बायकोकडे, भागीरथीबाईंकडे. मला आत घेण्याआधी तिनं उंबऱ्यावर उभं करून माझी उलटतपासणी घेतली.

"मच्छी खाल्ली का?"

"नाही." (मनातून मात्र वैनगंगेच्या माशांचाच विचार करत आले होते.)

"डोस्क्याले तेल?"

"चार दिवसांत नाही."

"हळद लावली का अंगाले? सेंट, पावडर, उदबत्ती?"

"नाही हो बाई."

"इथी फोडणी नाई द्याची. तळण नाई. भांडण नाई. मोठ्यानं हासाचंबी नाई." मग माझ्या तोंडाकडे बघून थोडी नरमली. "पाखरं निंगोस्तोवर असाच नेम रायते व बाई. लेकरायले वास सोसत नाई."

सगळ्या प्रश्नांची मी खरी उत्तरं दिली. ट्रंकेत काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

आतल्या खोलीत त्या माळा होत्या. छताच्या वाशांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर करडे, पिवळट कोसे देठांनी ओवून ओळीनं लटकवलेले. दोऱ्या म्हणजे कोष्ट्यांच्या मागावर कापड संपताना उरतात त्या दशा वळून केलेल्या. खाली भागीरथीबाईचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं झोळीसारखं बांधलेलं, पाखरू पडलंच तर लागू नये म्हणून. तेच लुगडं आणखी विरलं की त्याच्या चिंध्यांत अंडी जपून ठेवायची. कोसे शिजवलेलं राखेचं पाणी परसातल्या भोपळ्याला, उकडलेल्या कोशांतले किडे कोंबड्यांना, तोडलेले देठ वळून जाळ्याला गाठी मारायला. मी कातणघरात 'काही वाया घालवू नका' असं बायकांना बजावत असते. इथे तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, कारण वाया जाण्याजोगं घरात काही सापडतच नव्हतं.

माझी निजायची जागा कुडाच्या या बाजूला. ट्रंक भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावरच बसले.

जेवण बिनतेलाचं, बिनहळदीचं. भाताचा डोंगर, लाखोळीच्या डाळीचं पांढुरकं वरण, आणि वास्ते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरून उकडलेले. पहिला घास घेतला तेव्हा वाटलं, आपण नगरची चटणी आणायला हवी होती. तिसऱ्या घासाला कोंबाची मूळ चव जिभेला कळली आणि मी पान पुढे केलं. भागीरथीबाई खूश झाली. "आवडलं ना? लोकं म्हंतेत, नेमाचं जेवण आजाऱ्याचं. आजाऱ्याले एवढं जाते का?" हे कौतुक की टोमणा, ते मी विचारलं नाही.

बाहेर पावसाची झड लागली होती, ती थांबेना. ओल्या लाकडांचा धूर घरभर. आमच्याकडे दुपारी दार उघडं टाकून बायका निवडटिपण करतात, इथे दिवसभर दार लोटलेलं. भागीरथीबाई मला तिच्या सासूच्या वेळच्या पिकांच्या गोष्टी सांगे, मी तिला मांडीवर सूत वळायची आमची तऱ्हा दाखवी. तिची बोटं जाळं विणण्यात तरबेज, पण पहिलं सूत असं गाठाळ निघालं की आम्ही दोघी हसलो, आणि मग मोठ्यानं हसायचं नाही हे आठवून तोंडात पदर कोंबून हसलो.

एक विचार मात्र मनातून जाईना. आमच्याकडे काका पूजेला बसताना कोशाचा कद नेसतात. त्याला विटाळ नाही म्हणे. तो कद जिथून येतो, तिथला हा ढीवर मासे सोडून, तेल सोडून, दाढी न करता, बायकोपासून दूर जमिनीवर निजतो आणि अळ्यांना लेकरं म्हणतो. त्याला आमच्या देवघराच्या उंबऱ्याच्या आत कुणी घेणार नाही. मला लाज वाटली, आणि ती मी भागीरथीबाईला बोलून दाखवली. ती म्हणाली, "आमच्या माळाजवळ आम्ही तुमच्या काकालेबी नाई येऊ देत." म्हटलं, फिट्टंफाट झाली.

उघडलेली ट्रंक

झड थांबली. ऊन असं कडक पडलं की कौलांतून वाफ निघाली. मंगरूभाऊ डोंग्यावरून परतले ते पहिल्यांदाच चार शब्द बोलले. "आता निंगतेत. ऊब भेटली का निंगतेत."

संध्याकाळ झाली. सगळा मोहल्ला अंगणात येऊन बसला. रहीमभाईही आले, चपला लांब काढून. पाखरं निघाली नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळीही निघाली नाहीत. मंगरूभाऊंनी एक कोसा सोडवून कानाशी हलवला, बायकोच्या हातात दिला, तिनं हलवला, मग माझ्या हातात दिला. मला जड वाटला. "जिवंत आहे ना?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागीरथीबाई माझ्याजवळ बसल्या बसल्या नाक ओढायला लागली. "बाई, कायचा वास येऊन राह्यला व?"

"कसला वास?"

"काई तरी... घासलेटावाणी. तुमच्या पेटीतून तं नाई?"

मी निर्धास्तपणे ट्रंक उघडली. उन्हानं पत्रा तापला होता. वरच माझी लोकरीची शाल होती, आईनं लग्नात दिलेली. दर पावसाळ्यात मी तिला मुलासारखी जपते. घडीतून मी चार पांढऱ्या गोळ्या काढल्या, तळहातावर घेतल्या, आणि शाळेतल्या बाईच्या तोऱ्यात सांगितलं, "ह्या डांबराच्या गोळ्या. कपड्यात ठेवल्या की कसर लागत नाही. ह्याचा वास असला की पाखरू म्हणून आसपास फिरकत नाही."

आणि मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं.

भागीरथीबाई जागची हलली नाही. आधी तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग कुडाकडे. भिंतीला लागून ट्रंक, आणि भिंतीपलीकडे वीतभर अंतरावर माळा.

"काऊन आणलं व हे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "माह्या साऱ्या मोहल्ल्याचा जीव त्या खोलीत हाय. तेल पुसलं तुले, मच्छी पुसली. हे कोण पुसन?"

 जन्मभर मी पाखरांपासून कापड वाचवत आले. पाखरू वाचवायचं असतं ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण सारवलेली जमीन होती तशीच राहिली.

मंगरूभाऊ आले. त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि बाहेर चालू लागले. गोळ्या मी नदीत टाकायला निघाले, तर भागीरथीबाई ओरडली, "तिथी मच्छ्या हायेत!" मग त्या रहीमभाईंच्या वखारीत गेल्या, ट्रंकेसकट. रहीमभाई म्हणाले, "राहू द्या. माझ्याकडचे कोसे उकडलेले हायेत, त्यायले आता कायचा धाक?" त्या दिवसातलं तेवढंच एक वाक्य हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही.

माझ्या अंगावरच्या कपड्यांना वास होता, केसांना होता. राख लावून विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. भागीरथीबाईनं तिचं लुगडं माझ्यासमोर टाकलं. हातात दिलं नाही, टाकलं. मी ते नेसले. माळा उतरवून मंगरूभाऊंनी परसातल्या मांडवात वाऱ्याला टांगल्या. शेजारणी एकेक करून आल्या, बघून गेल्या. माझ्याशी कुणी बोललं नाही. मी परसाच्या कोपऱ्यात बसून होते आणि मनात एकच घोळत होतं, की सोनाबाईला वाचवायला आले आणि सगळ्या मोहल्ल्याला बुडवून चालले.

रहीमभाईंनी निरोप धाडला, आमच्या घरी या, आज मासे केलेत. ज्या माशांसाठी मी नागपूरपासून आशा लावून बसले होते, ते मासे. मी नको म्हणून कळवलं. भागीरथीबाईनं ते ऐकलं असावं. थोड्या वेळानं भात आणि वास्ते माझ्यासमोर आले, ते ठेवले गेले, टाकले नाहीत.

"मार्कंडादेवाले नवस बोलली मी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाखरं निंगाले, तं जत्रेले पायी येईन म्हणून."

"मीही येईन," मी म्हटलं.

"तुम्ही कायले? गोळ्या घेऊन?"

एवढं ती बोलली, आणि मला रडूच आलं. बोलली तर खरी.

दिवेलागण

दुसऱ्या दिवशी दिवसभर ढगाळ उकाडा होता. घामानं जीव नकोसा. सूर्य येनांच्या मागे गेला, आणि मी मांडवाखाली माळांकडे बघत बसले होते, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका कोशाच्या डोक्याशी मला ओलसर डाग दिसला. वाटलं, कौलावरून थेंब पडला असेल. पण इथे वर कौलं नव्हती.

"भागीरथीबाई," मी हाक मारली. आवाज इतका चिरका निघाला की ती धावतच आली.

डाग मोठा झाला. त्या जागचे धागे आतून कुणी बाजूला सारावेत तसे हलले. मग एक केसाळ डोकं बाहेर आलं, मग दोन पाय, आणि मग सगळं अंग. ओलं, चुरगळलेलं, कुरूपच म्हणायचं. ते कोशाला धरून लोंबकळत राहिलं.  हळूहळू त्याचे पंख उतरत गेले, उघडत गेले, आणि तळहातापेक्षा मोठं पिवळंधमक पाखरू आमच्यासमोर झुलायला लागलं. चारी पंखांवर एकेक गोल, काचेसारखा आरपार.

"मादी हाय," भागीरथीबाई कुजबुजली. "माय हाय व माही."

तोवर शेजारच्या माळेवर दुसरा डाग. मग तिसरा. मंगरूभाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि दाढीतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. परस भरलं. रहीमभाई चपला घालायला विसरून आले होते. सगळे हसत होते, आणि नेमाप्रमाणे मोठ्यानं हसता येत नव्हतं म्हणून एकमेकांचे दंड दाबत होते. भागीरथीबाईनं माझा दंड इतका दाबला की पुढे आठवडाभर वळ होता. मी त्याला तेल लावलं नाही.

एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आणि पहिली जाणीव झाली ती अशी की मला सपाटून भूक लागली आहे.

पाखरं उशिरा का निघाली, गोळ्यांमुळे की झडीमुळे, हे कुणालाही सांगता आलं नाही. मंगरूभाऊ म्हणाले, "झड होती ना." भागीरथीबाई म्हणाली, "झडच होती." आणि मग माझ्याकडे बघून, "पण ते पेटी वखारीतच राहू द्या."

पुढच्या संध्याकाळी आणखी निघाली, त्याच्या पुढच्या संध्याकाळी त्याहून जास्त. माद्यांनी अंडी घातली, ती जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गेली. माळांवर राहिले ते तोंडाशी भोक पडलेले, हलके, रिकामे कोसे. भागीरथीबाईनं स्वतः ते ओंजळीओंजळीनं पोत्यात भरले. मोहल्ला मांडवात बसला आणि तिथेच ठरलं, की यापुढे बियाचे कोसे राखताना हात आखडता घ्यायचा नाही. जेवढे फुटतील तेवढे फुटके कोसे नगरला जातील, एकही परत येणार नाही, असा मी शब्द दिला. रहीमभाईंनी साक्षीला मान हलवली. आणि भागीरथीबाई मला म्हणाली, "तुमच्या त्या सोनाबाईले सांगा, हे लेकरायचे रिकामे घरं हायेत. सांभाळून वळजो म्हणा."

परत

परतीला गाढवी उतरली होती. डोंग्यात यावेळी शेळी नव्हती, पोती होती, आणि वखारीतून सोडवलेली ट्रंक. मंगरूभाऊंनीच पलीकडे नेऊन सोडलं. मासे शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. वडशाला भाताबरोबर मिळत होते, तर तोंडाशी आलेला घास परत ठेवला. नेम पाखरं निघेपर्यंतचाच होता, पण अळ्या अजून अंड्यांतून निघायच्या होत्या, आणि कुठेतरी भागीरथीबाईला कळेल अशी मला खात्रीच वाटली.

पोती आली तेव्हा सोनाबाईनं त्यांत हात घातला आणि गाणं सुरू केलं. मी कानांत बोटं घातली नाहीत. दिवाळीला कातणघराच्या दाराला तोरण लागलं. पहिल्या सुताचं पांघरूण विणून आरमोरीला पाठवलं, कारण थंडीत रात्री झाडांखाली राखण करायला भागीरथीबाईलाही जावं लागतं. रहीमभाईंकडून उलट निरोप आला: पांघरूण पोचलं, भागीरथीबाई ते कुणाला हात लावू देत नाही, आणि आधी तीनदा हुंगून पाहिलं.

शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा आम्ही दोघींनी मिळून केली. नवस पायी चालण्याचा होता, तिचा. मी गुडघ्यांमुळे निम्मी वाट बैलगाडीतून गेले, आणि त्याबद्दल तिनं देवासमोर माझी तक्रार केली.

ट्रंकेत मी आता गोळ्या ठेवत नाही. कडुलिंबाचा पालाही ठेवत नाही. धीरच होत नाही. परवा पावसाळ्यानंतर आईची शाल काढली, तर व्हायचं ते झालं होतं. बरोबर खांद्याच्या ठिकाणी कसर लागून बोटभर भोक पडलेलं. आधी काळजात चर्र झालं. मग मी शाल मांडीवर घेऊन बसले, सोनाबाईकडून फुटक्या कोशाचं सूत मागून घेतलं, आणि त्या पिवळट धाग्यानं भोक रफू केलं. रंग जुळत नाही. कुणी विचारलं तर सांगते, एका पाखरानं खाल्लं होतं, दुसऱ्यानं भरून दिलं.